तीनशे फूट वाट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी तब्येतीने जरा दगा दिला होता, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो: मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहे, काळजी नसावी. फक्त डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट कायमची बंद केलीय. बर्फ काढायचं फावडं हातात धरायचं नाही.

आता सावर्ड्यात राहणाऱ्याला हे पथ्य सांगितलं असतं तर त्याला किती आनंद झाला असता! पण मी राहतो न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, सिराक्यूजपासून तासाभराच्या अंतरावर. आमचं घर रस्त्यापासून आत आहे, आणि रस्ता ते गॅरेज ही खडीची वाट बरोबर तीनशे फूट भरते. घर घेताना मला ती वाटच आवडली होती. सावर्ड्याला आमच्या घराकडे जाणारी घाटीही साधारण तेवढीच. बायको तेव्हाच म्हणाली होती, "हिवाळ्यात काय करणार?" मी म्हटलं होतं, "बघू."

तर ते बघायची वेळ आता आलीय.

सिराक्यूजला हिवाळ्यात सरासरी तीन मीटरच्या वर बर्फ पडतो. १९९२-९३ च्या हिवाळ्यात १९२ इंच, म्हणजे जवळजवळ पाच मीटर पडला होता. याचं कारण ओंटारिओ सरोवर. कॅनडाकडून येणारा गारठलेला वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि किनारा ओलांडून जमिनीवर चढला की सगळं ओझं खाली टाकतो. हे वाचताना मला शाळेतला भूगोल आठवला. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थटतात आणि चिपळूण तालुक्यात तीन मीटरहून जास्त पाऊस ओततात. दोन्हीकडे तीन मीटर! पण हिशोब फसवा आहे. ताजा बर्फ इतका भुसभुशीत असतो की दहा-बारा इंच बर्फ वितळला तर जेमतेम इंचभर पाणी होतं. म्हणजे पाण्याच्या हिशोबात आपलं सावर्डं यांच्या दसपट पुढे. फरक एवढाच की आपलं पाणी पऱ्याला मिळून निघून जातं आणि यांचं एप्रिलपर्यंत दारात बसून राहतं.

आता माझ्या वाटेचं गणित. नव्वद मीटर लांब, तीन मीटर रुंद, एका वादळात फूटभर बर्फ: साधारण ऐंशी घनमीटर. घनमीटरला शंभर किलो धरले तर आठ टन. बर्फ ओला असेल तर दुप्पट. फावड्यात एका वेळी पाच किलो येतो असं म्हटलं तर सोळाशे वेळा वाका, उचला, फेका. तेही उणे दहा तापमानात. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, हात वर गेला की रक्तदाब चढतो, आणि माणूस नकळत श्वास रोखून जोर लावतो. २०१७ मध्ये क्यूबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कोरड्या दिवसापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळले. बायकांमध्ये तसं काही दिसलं नाही. फावडं कुणाच्या हातात होतं याची नोंद त्या अभ्यासात नव्हती, पण संशोधकांचा संशय तोच होता. हे मी घरी वाचून दाखवलं ही माझी चूक. "म्हणजे फावडं आता माझ्याकडे का?" असा प्रश्न आला.

यंत्र घ्यायचं ठरलं. आणि यंत्र घ्यायचं म्हटलं की मी आधी त्याचा इतिहास वाचायला बसतो, ही जुनी खोड.

पहिली गंमत अशी की पूर्वी इथे बर्फ काढतच नसत. एकोणिसाव्या शतकात व्हर्मॉंट, न्यू हॅम्पशायरकडच्या गावांत बर्फ दाबत असत. लाकडी फळ्यांचे मोठाले रूळ घोड्यांना जुंपून रस्त्यावरून फिरवायचे, म्हणजे बर्फ घट्ट होतो आणि त्यावरून घसरगाड्या सुसाट धावतात. चाकाची गाडी हिवाळ्यात वापरायचीच नाही. त्या भागात छप्पर असलेले लाकडी पूल आहेत, आणि छपरामुळे पुलावर बर्फ पडत नसे. मग घसरगाडी जाणार कशी? म्हणून पुलावर बाहेरून बर्फ आणून टाकायला गावाने माणूस नेमलेला असे! मी हे वाचून चाट पडलो.

पण मग वाटलं, आपल्याकडे वेगळं काय होतं? कोकणात पावसाळ्यात चार महिने बोटी बंद असत आणि बैलगाड्याही थांबत. लोक बेगमी करून ठेवत आणि पायवाटेने चालत. चिखल हटवायला कुणी जात नसे. वाट बारा महिने मोकळी असलीच पाहिजे, हा हट्ट मोटारीने आणला. तिकडेही, इकडेही.

शहरांना मात्र हा हट्ट आधीच करावा लागला. मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांनी ओढायचा नांगरासारखा फाळ वापरल्याची नोंद आहे. पण फाळ बर्फ फक्त बाजूला सारतो. रस्ता मोकळा झाला तरी दुकानांची दारं बुजतात आणि भांडणं सुरू होतात. पुढे मार्च १८८८ च्या वादळात न्यूयॉर्क शहर पार गाडलं गेलं. सगळ्या पूर्व किनाऱ्यावर मिळून चारशेच्या वर माणसं मेली. तारा डोक्यावरून न नेता जमिनीखाली घालायच्या आणि गाड्याही भुयारातून न्यायच्या, या दोन्ही विचारांना त्या वादळाने जोर दिला. भुयारी रेल्वे सुरू व्हायला मात्र १९०४ उजाडलं.

मोटारीला फाळ लावायचं काम ज्यांनी आधी केलं त्यांतला एक कार्ल फ्रिंक हा आमच्याच बाजूचा निघाला. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन गावचा. १९२० च्या सुमाराचं हे काम. तो फाळ आजही जवळजवळ तसाच आहे. पिकअप ट्रकच्या नाकावर लोखंडी पातं लावून भल्या पहाटे दहा-दहा घरांच्या वाटा साफ करत फिरणारे लोक इथे प्रत्येक गावात आहेत. आपल्याकडे गडगा पडला, माती आली की जसं "जेसीबीवाल्याला फोन कर" म्हणतात, तसंच.

बर्फ फेकणारं यंत्र ही वेगळी शाखा. ती रेल्वेतून आली. टोरांटोचा जे. डब्ल्यू. एलियट नावाचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने १८६९ मध्ये फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. (दात कोरता कोरता सुचलं असेल काय?) त्याचं यंत्र काही रुळावर आलं नाही. ऑरेंज जल नावाच्या माणसाने १८८० च्या दशकात ती कल्पना सुधारली आणि मग डोंगरातल्या रेल्वेमार्गांवर इंजिनापुढे गरगर फिरणारं ते अजस्र चाक दिसू लागलं.

पण मला या साऱ्यांत जवळचा वाटला तो आर्थर सिकार. मॉंट्रियलजवळच्या शेतकरी घरातला मुलगा. बर्फाने वाट अडली की दूध शहरात पोचायचं नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. शेतावरचं मळणीयंत्र धान्य कसं आत ओढतं आणि भुसा कसा बाहेर उडवतं ते बघून त्याच्या डोक्यात आलं, की बर्फाचंही असंच का करू नये? १८९४ ची ही गोष्ट. यंत्र प्रत्यक्षात तयार झालं १९२५ मध्ये, आणि पहिलं विकलं गेलं १९२७ मध्ये, मॉंट्रियललगतच्या उट्रेमॉंट गावाला. मधली तीसेक वर्षं लोक त्याला काय काय म्हणाले असतील! ते यंत्र बर्फ नव्वद फुटांपर्यंत उडवू शकत असे. माणसाने मागून चालत ढकलायची छोटी यंत्रं आली १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या एरियन्स कंपनीने दोन टप्प्यांचं यंत्र बाजारात आणलं.

माझा निर्णय इथेच अडला होता, म्हणून जरा सविस्तर. एक टप्प्याच्या यंत्रात रबरी वल्ही असतात. ती जमीन घासत बर्फ उचलतात आणि तशीच फेकतात. हलकं, स्वस्त, सिमेंटच्या छोट्या वाटेला झकास. पण खडीवर? ते खडीसुद्धा उचलतं आणि बंदुकीसारखं उडवतं. दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढचा मळसूत्रासारखा दांडा बर्फ मधोमध आणतो आणि मागचा पंखा तो नळीतून दूर फेकतो. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. त्या खाली सरकवल्या की यंत्राचं तोंड जमिनीपासून इंचभर वर राहतं आणि खडी जागेवर राहते. दगड अडकलाच तर दांड्यातली मऊ खीळ मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतो. किती साधी युक्ती! एक मात्र लक्षात ठेवायचं. ओल्या बर्फाने नळी तुंबली तर हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी पंखा ताणात अडकलेला असू शकतो, आणि बर्फ सुटताक्षणी फिरतो. दर हिवाळ्यात इथे लोक अशी बोटं गमावतात. यंत्राबरोबर एक दांडकं मिळतं ते त्यासाठीच.

समोरचे शेतकरी आजोबा म्हणाले, कशाला पैसे घालवतोस, ट्रकवाल्याला हंगामाचं कंत्राट दे. सल्ला शहाणपणाचा होता. पण ट्रकवाला त्याच्या क्रमाने येणार. पहाटे पाचला येईल, नाहीतर दुपारी अकराला. एरवी मला चाललं असतं.

आता इतक्या वेळ टाळलेलं लिहितो.

१९९५ चा जुलै. सावर्ड्याला आमची घाटी म्हणजे जांभ्या मातीची उतरती वाट. बाबा दर मे महिन्यात तिला चर मारून ठेवायचे. कुदळीने खणायचे आणि फावड्याने माती वरच्या अंगाला टाकायचे, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता कडेने जाईल. त्या वर्षी त्यांच्याने झालं नाही. छातीत दुखतं म्हणत होते. मी मुंबईला नोकरीत. "गडी लाव," असं पत्रात लिहून मोकळा झालो होतो. जुलैत पाण्याने वाट मधोमध कापली, गुडघाभर खड्डा पडला, वरची दरड थोडी खाली आली. आणि त्यातच एका रात्री त्यांचं दुखणं वाढलं. रिक्षा हायवेला उभी, पण खाली घरापर्यंत येईना. चौघांनी खुर्चीत बसवून, कंदील धरून, भर पावसात त्यांना वर नेलं. तीनशे फुटांना पाऊण तास लागला असं आई सांगते. दवाखान्यात पोचले, पण उशीर झाला होता. सावर्ड्याला रेल्वे येणार म्हणून त्यांना केवढी हौस होती. रूळ पडताना बघायला जायचे. मुंबईपासून मंगळूरपर्यंतचा अख्खा मार्ग सुरू झाला १९९८ च्या जानेवारीत.

वेळेत पोचले असते तर काय झालं असतं, कुणी सांगावं. पण "ट्रकवाला अकराला येईल" हे ऐकलं की मला तो पाऊण तास दिसतो. आता छातीत स्टेंट घेऊन तीनशे फूट आत राहणारा मी आहे.

२०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा रात्रभर आईला फोन लागत नव्हता. सावर्डं उंचावर, तिला काही झालं नाही. पण पुढचे आठवडाभर चिपळूणच्या बाजारातला चिखल उपसतानाचे फोटो बघत होतो. मोठ्या रस्त्यांवर जेसीबी, आणि दुकानांच्या आत, जिथे जेसीबी शिरत नाही तिथे, फावडी आणि घमेली. त्याच दिवाळीत भावाने घाटीला काँक्रीट घालून घेतलं, कडेला पक्कं गटार बांधलं. आता अंगणापर्यंत गाडी येते. आईला त्याचं कौतुक नाही. पावसात पाय घसरतो म्हणते.

असो. शेवटी दोन टप्प्यांचंच यंत्र घेतलं, अठ्ठावीस इंच तोंडाचं, जुनं पण धडधाकट. ते स्वतःच्या चाकांवर चालतं, आपण नुसतं मागे धरून चालायचं. डॉक्टरीणबाईंनी तेवढी परवानगी दिली. शिवाय ट्रकवाल्याचाही नंबर फ्रिजवर लावलाय, फार मोठ्या वादळासाठी. आणि वादळ चालू असतानाच मध्ये एकदा वाट काढून घ्यायची, फूटभर साचू द्यायचा नाही, असं बायकोने ठरवलंय. यंत्र चालवायला ती माझ्याआधी शिकली. पहिल्या दिवशी मी वाऱ्याच्या दिशेला नळी फिरवली आणि सगळा बर्फ माझ्याच अंगावर आला. दाढीमिशा पांढऱ्या!

ते फोटो आईला पाठवले. रात्री फोन आला.

"यंत्र बरं दिसतंय. पण मला एक सांग, तो बर्फ फेकता तो जातो कुठे?"

"कुठे नाही गं आई. वाटेच्या दोन्ही बाजूंना साठतो. एप्रिलपर्यंत तिथेच."

"म्हणजे गडगाच की."

"हो, छातीइतका होतो कधीकधी."

"मग एप्रिलात तो वितळला की पाणी सगळं वाटेवर येणार. कडेने चर मारून ठेवलेयत का?"

नव्हते मारले. जमीन आता दगडासारखी गोठलीय, कुदळ लागायची नाही. मार्चअखेर बघायला हवं. खणायला गडी लावीन.