मानेंतील धमनी आणि रोजची गोळी

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेंतील धमन्यांचें महत्त्व प्राचीनांस ठाऊक होतें. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस सुश्रुतानें ‘नीला’ व ‘मन्या’ हीं मर्में सांगितलीं, आणि तेथें आघात झाल्यास वाचा जाते असें बजावलें. ग्रीक भाषेंतून आलेल्या ‘कॅरोटिड’ या नांवांतही ‘ग्लानि आणणारी’ असाच भाव आहे. अर्धांगवायूचें मूळ पुष्कळदां मानेंतील याच धमनींत असतें, हें मात्र कॅनडाचे डॉ. मिलर फिशर यांनीं १९५१ मध्यें ठामपणें दाखविलें.

लौकरच शल्यवैद्य पुढें सरसावले. १९५३ मध्यें ह्यूस्टन येथें डॉ. मायकेल डीबेकी यांनीं ही धमनी उघडून आंत सांचलेला थर काढला. पुढील वर्षीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत रोगट भाग कापून धमनी पुन्हां जोडण्यांत आली. औषधांची प्रगति मागाहून झाली. ॲस्पिरिनचा उपयोग कॅनडांतील परीक्षणानें १९७८ मध्यें दाखविला. स्टॅटिन वर्गांतील पहिलें औषध अमेरिकेंत १९८७ मध्यें मान्य झालें.

शस्त्र कीं औषध, हा वाद १९९१ मध्यें उत्तर अमेरिकेंतील परीक्षणानें बराचसा मिटविला. ज्यांस झटक्याची चिन्हें दिसून गेलीं होतीं व ज्यांची धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद झाली होती, अशा रुग्णांत दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका केवळ औषधावर ठेवलेल्यांपैकीं २६ टक्क्यांस, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं ९ टक्क्यांस आला. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यांसही औषधें दिलेलींच होतीं, हें विसरतां कामा नये. शस्त्रानें एक जागा मोकळी होते; रक्तवाहिन्यांचा विकार सर्व देहांत राहतो.

खरा पेंच येथेंच आहे. व्रण भरला कीं रोग गेला, असें मानणें मनुष्यस्वभावास धरून आहे. ज्याच्यावर शस्त्र चाललें नाहीं, त्यास कांहीं दुखत नसल्यानें गोळीचें अगत्य वाटेनासें होतें. वाटा दोन, पण चूक एकच. श्रीमंत देशांतही दीर्घ विकारांचीं औषधें नियमानें घेणारे सरासरी निम्मेच, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ मध्यें नमूद केलें.

नागपूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्यें स्थापन झालें, तेव्हां ही शस्त्रक्रिया जन्मासही आली नव्हती. तेथेंच शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोलींतील ८६ खेड्यांची २०११ ते २०१३ या काळांत पाहणी केली. १,५९९ मृत्यूंपैकीं २२९ पक्षाघातानें झाले होते, आणि त्यांतील बहुतेक रुग्ण घरींच दगावले. शस्त्रगृहापर्यंत न पोंचणाऱ्या अशा घरांस रोजची गोळी हाच मुख्य आधार. आणि शस्त्रगृहांतून परतलेल्यासही तिच्यापासून सुटका नाहीं.