एका पौंडांत गोळ्या किती ?

शिकारीच्या गोष्टींत 'बारा बोअरची बंदूक' हे शब्द वारंवार येतात. परंतु हे बारा कशाचे, असा प्रश्न ऐकणाराला क्वचितच पडतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. अर्थात् आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान. हें माप उफराटें दिसतें खरें. पण शिसें पाठीवर वाहून नेणाऱ्या माणसाला तेंच सोयीचें होतें. एका पौंडांत आपले बार किती, हें त्याला त्यावरून तत्काळ कळे.

अमेरिकेंतील ठासणीच्या रायफलीचा इतिहास म्हणजे बव्हंशीं याच हिशेबाचा इतिहास आहे. अठराव्या शतकांत जर्मनींतून पेन्सिल्व्हानियांत, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, जे बंदूककार येऊन राहिले, त्यांनीं आपल्या देशची आंखूड व जाड नळीची शिकारी रायफल बरोबर आणली होती. तिच्या नळीचा व्यास साधारणतः ०·६० इंचाच्या घरांत असे. जर्मनींतला शिकारी सायंकाळीं घरीं परतणारा. अमेरिकेंतला वसाहतवाला एकदां रानांत शिरला कीं आठवडेच्या आठवडे बाहेर; शिसें व दारू मिळण्याचें ठिकाण कित्येक मैल दूर !

गोळीचें वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. ०·६० इंच व्यासाच्या गोळ्या एका पौंडांत जेमतेम एकवीस होतात. तोच व्यास ०·४५ वर आणला तर एकावन्न होतात. व्यास चतुर्थांशानें घटला आणि बार दुपटीहून अधिक झाले. शिवाय दारूहि कमी लागूं लागली. पूर्वेकडील रानांत मारावयाचें तें हरीण किंवा काळें अस्वल, आणि तेंहि दाट झाडींत जवळून. तेथें ही लहान गोळी पुरेशी होती. म्हणून नळी अरुंद होत गेली, लांबी मात्र चाळीस इंचांपलीकडे गेली, आणि चरबी लावलेल्या चिंधींत गुंडाळलेली गोळी गजानें ठासण्याची रीत पक्की झाली. जनावराच्या अंगांत अडकलेली गोळी काढून पुन्हां वितळविणारे काटकसरी शिकारीहि होतेच.

हा हिशेब चुकला तो पश्चिमेस. १८०४ सालीं लुईस व क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीनें वर निघाली. ५ मे १८०५ रोजीं क्लार्क व त्याचा एक सोबती यांनीं एक प्रचंड करडें अस्वल मारलें. पांच गोळ्या फुप्फुसांतून गेल्या, आणखी पांच इतरत्र लागल्या. तरीहि तें अर्ध्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या बेटावर गेलें आणि वीस मिनिटें जिवंत राहिलें, असें लुईसनें रोजनिशींत नमूद केलें आहे. ठासणीची बंदूक एकदां झाडली कीं पुन्हां भरावयास अर्धें मिनिट तरी हवें. तेवढ्या अवधींत असें जनावर उलटलें तर शिल्लक शिशाचा उपयोग काय ?

सेंट लुई येथील जेकब व सॅम्युएल हॉकन या बंधूंनीं पुढें डोंगरांत जाणाऱ्या सावजकऱ्यांसाठीं ज्या रायफली घडविल्या, त्यांत नळी पुन्हां आंखूड, जाड आणि रुंद झाली. अर्ध्या औंसाची गोळी, म्हणजे पौंडाला बत्तीस, हें त्यांचें नेहमींचें माप होतें. व्यास सुमारें ०·५३ इंच. रायफलीचें वजन दहा पौंडांवर जाई. पण आतां ओझें वाहावयास घोडीं व खेचरें होतीं. गवताळ उघड्या मुलखांत वारा लहान गोळीला ढळवी आणि तिचा वेग लौकर मंदावे. जड गोळी तिच्यापेक्षां मार्ग बरा राखी. यापेक्षां मोठें माप घ्यावें, तर खांद्याला बसणारा धक्का आणि शिशाचा खप दोन्ही असह्य होत. हॉकन बंधूंची ही निवड तडजोडीची होती, आणि तींतच त्यांचें कसब दिसतें.

आपल्याकडे हाच प्रश्न कॅप्टन जेम्स फोरसिथ यानें मध्य प्रांतांत हाताळला. येथें सांबर, गवा आणि वाघ. आणि साहेबाचें ओझें वाहावयास माणसें मुबलक. शिशाची काटकसर हा विचारच उरला नाहीं. १८६३ सालीं शिकारी रायफलीवर लिहिलेल्या पुस्तकांत त्यानें मोठी नळी, गोल गोळी आणि भरपूर दारू यांचा पुरस्कार केला. नळीचे आंटे मात्र सावकाश वळणारे असावेत. नाहींतर दारूच्या जोरानें गोळी आंट्यांवरून घसरते, हें त्याचें म्हणणें सयुक्तिक होतें. फोरसिथ १८७१ सालीं वारला. तोंवर मागून भरावयाच्या बंदुका शिकाऱ्यांच्या हातीं येऊं लागल्या होत्या. ठासणीचा गज मागें पडला. पौंडांतील गोळ्यांचा आंकडा मात्र छऱ्याच्या बंदुकींवर अद्यापि टिकून आहे.