चाळीस हंडे पाणी

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला सातवा महिना होता. म्हणाली, "खाला, मी पाण्यात बाळंत व्हायचं म्हणतेय." कोमट पाण्याचा छोटा हौद असतो, त्यात बसून कळा सोसायच्या आणि बाळही पाण्यातच जन्मतं, असं तिनं समजावून सांगितलं. शेजारी बसलेल्या माझ्या अम्मीनं एवढंच विचारलं, "पाणी किती लागतं?" पाचशे-सहाशे लिटर, असं उत्तर आलं. अम्मीचं सगळं बालपण खटाव तालुक्यात गेलेलं. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे चाळीस हंडे. ते कोण भरणार, ते आधी ठरवा."

आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात तो हिशेब घोळत राहिला. बाळंतपण आणि पाणी यांचं नातं आपल्याकडे नवं नाही. आपली भाषाच बघा ना. गर्भाभोवतीच्या पिशवीला आपण पाणमोट म्हणतो. मोट हा विहिरीवरचा शब्द. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यभर मोट हाकली, त्याच्या बायकोच्या बाळंतपणात पाणमोट फुटते. पायांकडून जन्मलेल्या पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आपल्या दुष्काळी भागात मानतात. सव्वा महिन्यानं बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते, ती विहिरीवर हळदकुंकू वाहायला. म्हणजे बाईनं जीव जन्माला घातला की तिनं आधी पाण्याला भेटायचं.

माझी नानी दाई होती. जातीनं आम्ही आतार. खांद्याला झोळी लावून हळद-कुंकू, बुक्का, काजळ, करदोडे विकत ती गावोगाव फिरायची. प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत तिला वाट मोकळी. त्यातूनच सुईणपण तिच्याकडे आलं. गावातल्या बाया तिला आतारीण काकी म्हणत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी दारात उभं राहायचं आणि नानी डोक्यावर पदर घेऊन निघायची. मराठ्याचं घर, माळ्याचं घर, महारवाडा, असं काही तिनं कधी पाहिलं नाही. कळा देणाऱ्या बाईला जात नसते, असं ती म्हणे.

अम्मी सांगते, नानीची एक पद्धत ठरलेली होती. कळा वाढल्या की ती बाईला न्हाणीत पाटावर बसवायची. चुलीवर निर्गुडीचा पाला घालून पाणी तापवलेलं असायचं. तांब्या-तांब्यानं ती ते पाणी कमरेवर सोडत राहायची. बाई कण्हायची, मग हळूहळू सैल व्हायची. नानी कानाशी म्हणायची, "डरू नक्को." आणि मग मरियमची गोष्ट सांगायची. कुराणात येशूच्या जन्माची हकीकत आहे. एकटी मरियम वेणांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी टेकते, मरण आलं असतं तर बरं असं तिला वाटतं, आणि तेव्हा तिला हाक येते की तुझ्या पायाशी झरा आहे, झाड हलव, पिकली खजुरं पडतील. नानी ही गोष्ट सगळ्यांनाच सांगायची. ऐकणाऱ्या बाईला ती सीतेची वाटली काय की मरियमची वाटली काय, झरा तेवढा तिच्या पायाशी यायचा.

पुढे वाचताना मला कळलं, की नानीची ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे, की प्रसूतीची वेळ जवळ आली की स्त्रीच्या अंगाला तेल लावावं, तिला गरम पाण्यानं न्हाऊ घालावं आणि पेज पाजावी. चरकाच्या ग्रंथात सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं वर्णन आहे. त्यात अग्नी आणि पाणी यांची सोय सांगितली आहे, न्हाणीसाठी वेगळी जागाही सांगितली आहे. नानीला यातला एकही ग्रंथ माहीत नव्हता. तिनं हे तिच्या सासूकडून घेतलं, सासूनं आणखी कुणाकडून.

पण श्रोतेहो, इथं मला थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आजीच्या बटव्याचं कौतुक करताना आपण बटव्यातली ही बाजू लपवतो. माझ्या थोरल्या मावशीचं पहिलं बाळंतपण नानीनंच केलं. मुलगा झाला. धडधाकट होता. सातव्या दिवशी त्यानं दूध ओढणं बंद केलं. जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. दोन दिवसांत तो गेला. गाव म्हणालं, सटवीनं नेलं. तो धनुर्वात होता. नाळ कापली होती ती घरातल्या विळ्यानं. गवत कापायचा तोच विळा.

पाचवी-सहावीच्या रात्री आपल्याकडे बाळाजवळ जागतात, सटवाईची पूजा करतात. मुसलमान घरांतही छटी असते. मला वाटतं, या जागरणामागं शेकडो वर्षांचा अनुभव आहे. नवजात बाळांचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतो. हेच दिवस घाताचे आहेत, एवढं आयांना कळलं होतं. घात विळ्यातून येतो, हे कळलं नव्हतं.

ते कळण्याचा इतिहासही पाण्याशीच येऊन मिळतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर होता. तिथं बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. सेमेलवाइसच्या लक्षात आलं, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात. त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्यानं घटले. मोठमोठ्या डॉक्टरांना हे मानवलं नाही. आमच्या हातात मरण आहे हे कबूल करणं कुणालाही जड जातं. व्हिएन्नाच्या डॉक्टरांना गेलं तसं माझ्या नानीलाही गेलं.

आपल्याकडे याच सुमाराला बाळंतपणाचा प्रश्न वेगळ्याच दारानं पुढं आला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई आणि मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती. बाळंतपण ही लाजेची गोष्ट नाही, असं या घरानं कृतीनं सांगितलं. तिथंच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांना आणता आणता सावित्रीबाई गेल्या. कुणाला नको असलेलं एक मूल नीट जन्माला आलं, तर ते केवढं कामाला येतं!

आनंदीबाई जोशींची कथा आपल्याला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं आणि त्या दुःखातून त्या अमेरिकेपर्यंत पोचल्या. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. म्हणजे नवं शास्त्र शिकतानाही त्यांनी आपल्याकडची जुनी विद्या तपासून पाहिली. आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तिथं रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या वारल्या.

त्यानंतर सातच वर्षांनी, १८९४ साली, मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उघडलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं कर्नाटकातूनही माणसं तिथं येत. तिथून शिकून बाहेर पडलेल्या नर्सबायांनी या भागाला उकळलेलं पाणी, उकळलेली कात्री आणि साबण यांची ओळख करून दिली. आडलेली बाई बैलगाडीत घालून मिरजेला न्यायची, हा आमच्या भागातला शेवटचा उपाय असे. पण आमच्या गावापासून मिरज दूर. गाडी पोचेपर्यंत कितीजणी वाटेतच संपल्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

१९७७ नंतर ग्रामीण आरोग्य योजनेत सरकारनं गावोगावच्या दायांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. साठीला आलेली नानी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसली. तिथं शिकवत ते साधं होतं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळद नाही. परत आली ती एक पेटी घेऊन. त्यात कात्री, दोरा, साबण आणि नखं घासायचा ब्रश. अम्मी सांगते, त्या रात्री नानी जेवली नाही. एकटी बसून ब्रशनं नखं घासत राहिली. मग मावशीला म्हणाली, "तेरे बच्चे कू मैंच मारी." मावशीनं काय उत्तर दिलं, ते अम्मीनं मला कधी सांगितलं नाही.

नानी त्यानंतरही दाईपण करत राहिली. न्हाणीतलं गरम पाणी तिनं सोडलं नाही. विळा मात्र घरातूनच बाहेर काढला. तिच्यासारख्या कितीतरी दाया, नर्सबाया आणि धनुर्वाताच्या लशी, यांच्या बळावर २०१५ साली माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात दर लाख जन्मांमागं १३० माता दगावत होत्या, २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. तेहतीससुद्धा कमी नाहीत. पण उरलेल्या सत्त्याण्णव जणी आज कुणाच्या तरी आई म्हणून घरात वावरताहेत.

आता भाचीच्या हौदाकडं येते. पाश्चात्त्य वैद्यकात पाण्यातल्या जन्माची पहिली नोंद फ्रान्समधली, १८०३ सालची सांगतात. एक बाई दोन दिवस अडली होती. आराम मिळावा म्हणून तिला गरम पाण्यात बसवलं आणि मूल तिथंच झालं. पुढं १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात इगोर चारकोव्स्की यांनी याचे प्रयोग केले. फ्रान्समधल्या पितिव्हिए गावी डॉ. मिशेल ओदाँ यांनी वेदना कमी व्हाव्यात म्हणून प्रसूतिगृहात हौद आणला. काहीजणींना त्यातून बाहेर यावंसंच वाटेना! अशा शंभर जन्मांचा अहवाल त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. पुण्या-मुंबईतही काही ठिकाणी तिची सोय आहे.

शास्त्र काय म्हणतं? गर्भारपण पूर्ण दिवसांचं आणि बिनधोक असेल, तर कळांच्या काळात कोमट पाण्यात बसल्यानं वेदना हलक्या होतात, कंबरेतून भूल द्यायची गरज कमी पडते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. प्रत्यक्ष जन्म पाण्यात व्हावा की नाही, यावर मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटनमध्ये शिकलेल्या सुइणी हजर असतील तर त्याला मुभा आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना म्हणते, मूल जमिनीवरच जन्मू द्या. पाणी स्वच्छ नसेल तर जंतुसंसर्ग होतो, बाळ घाईनं वर उचललं तर नाळ तुटू शकते, आणि रक्तस्राव पाण्यात किती झाला ते नीट कळत नाही.

मी भाचीला हे सगळं सांगितलं. नानीच्या विळ्याचंही सांगितलं. ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिनं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. कळा येताना पाण्यात बस, बाळाचे ठोके आम्ही मोजत राहू, जन्माच्या वेळी बाहेर ये. तसंच झालं. चार तास ती कोमट पाण्यात होती. खाटेवर आल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली.

ती सुखरूप सुटली, याचा आनंद आहेच. पण याच मोसमात आमच्या कृष्णाकाठच्या उसाच्या फडात दुसऱ्या जिल्ह्यांतून तोडीला आलेल्या बाया भरल्या दिवसांत मोळ्या वाहतात. कोपीशेजारी दोन दगड मांडून, चार बाजूंना लुगडं धरून केलेली न्हाणी, एवढाच त्यांचा आडोसा. माण आणि जतमध्ये गरोदर बाई टँकरच्या रांगेत उभी असते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सरकारनं ठरवलं तर पाणी कुठंही पोचतं, हे तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. बाळंतिणीच्या दारात मात्र ते तिनंच स्वतःच्या डोक्यावरून आणायचं.

अम्मीचा प्रश्न म्हणूनच मला अजून सोडत नाही. चाळीस हंडे राहू द्या. एका बाळंतिणीला हात धुवायला, कात्री उकळायला आणि कमरेवर धार सोडायला दोन हंडे पुरतात. तेवढे कोण भरणार?

बाळ आता आमच्याकडं सांगलीत आहे. अम्मी ऐंशी पार केलेली, तरी पाटावर बसून पाय पसरते आणि पणतीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. त्याआधी ती स्वतःचे हात साबणानं धुते, नखं घासते. ब्रश नवा आहे, पेटी मात्र नानीची.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)