मरुभूमींतील वस्तीचा हिशेब

आपल्याकडील एखाद्या गृहस्थाची बदली राजस्थानच्या पश्चिम टोंकास, जैसलमेरसारख्या ठिकाणीं झाली म्हणजे घरांत जी चर्चा सुरू होते ती पाण्यापासून निघते आणि मुलांच्या शाळेपर्यंत जाऊन पोंचते. जावें कीं न जावें याचा निर्णय मात्र बहुधा नकाशाकडे पाहूनच होतो. नकाशावर तो प्रदेश पिवळा दाखविलेला असतो, आणि पिवळा रंग पाहिला कीं मनांत तहान उभी राहते. “तेथें माणसें राहतात तरी कशीं?” हा प्रश्न भीतीपोटीं विचारला जात असला तरी तो खरोखरी इतिहासाचा प्रश्न आहे. साडेआठशें वर्षें तो त्या भूमीवर विचारला जात आहे. राजानें तो विचारला, सावकारानें विचारला, शेतकऱ्यानें विचारला आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या यतीनेंही विचारला. त्यांचीं उत्तरें ताडून पाहिलीं म्हणजे असें दिसतें कीं, मरुभूमींत राहावयास जाणें हें धाडसाचें काम खरें, पण त्याहून अधिक तें हिशेबाचें काम आहे. त्या हिशेबाचीं सदरें तीन: पाणी, वाट आणि राज्य. या तिहींपैकीं एकादें सदर कोरें पडलें म्हणजे काय होतें हें जैसलमेरच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसेल.

पहिला निर्णय राजाचा. भट्टी राजपुतांची राजधानी पूर्वीं लोद्रवा येथें होती. हें गांव आजच्या जैसलमेरच्या वायव्येस सुमारें १० मैलांवर, सपाटीवर वसलेलें होतें. त्यास पाणी होतें, व्यापार होता. नव्हता तो आडोसा. शत्रूची धाड आली म्हणजे सपाटीवरील संपन्न शहरास लपावयास जागा नसते. रावळ जैसल यानें इ. स. ११५६ मध्यें ही राजधानी सोडून त्रिकूट नांवाच्या, भोंवतालच्या भूमीहून सुमारें २५० फूट उंच असलेल्या टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला. टेकडी बचावास उत्तम होती यांत शंका नाहीं. पण उंच खडकावर प्यावयाचें काय? या शंकेचें उत्तर भाटांच्या कथेंत आढळतें. ती कथा अशी कीं, श्रीकृष्ण व अर्जुन पूर्वीं या टेकडीवर आले असतां श्रीकृष्णानें सुदर्शनचक्रानें खडक फोडून तेथें विहीर निर्माण केली, आणि आपल्या वंशांतील एक राजा पुढें येथें राज्य करील असें भविष्य वर्तविलें. कथेवर कोणी विश्वास ठेवावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु नव्या राजधानीचें समर्थन करतांना भाटांस राजाच्या शौर्याचें नव्हे, तर विहिरीचें माहात्म्य प्रथम सांगावें लागलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. लोक तटबंदी पाहून नव्हे, पाणी पाहून येणार, हें राजासही ठाऊक होतें व भाटासही.

त्या मुलखांत वर्षाकाठीं सरासरी सात-आठ इंच पाऊस पडतो. पुण्याचा पाऊस २८ इंचांच्या आसपास आणि मुंबईचा ८० इंचांहून अधिक, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. पण आंकड्यानें घाबरणारा मनुष्य आपल्याकडचा; तेथील मनुष्यानें पाण्याच्या जाती ओळखल्या. आभाळांतून पडून तळ्यांत वा टांक्यांत सांठतें तें ‘पालर पाणी’, खोल विहिरींतून निघतें तें ‘पाताळ पाणी’, आणि या दोहोंच्या मधलें, वाळूंत मुरून खालच्या खडीच्या अथवा जिप्समच्या थरावर अडून राहिलेलें तें ‘रेजाणी पाणी’. पाताळ पाणी पुष्कळ ठिकाणीं खारें निघतें; म्हणून या मधल्या पाण्यासाठीं अरुंद कुई खणण्याची विद्या तेथें वाढली. चौदाव्या शतकांत रावळ घडसी यानें शहराच्या पायथ्याशीं मोठें तळें बांधविलें. तेंच घडसीसर, आजचें गडीसर. तळ्यांत पाणी वाहून आणणारी जी उताराची जमीन तिला तेथें ‘आगोर’ म्हणतात. आगोर घाण करूं नये, तींत जोडे घालून फिरूं नये, असा शिरस्ता होता. ज्या गांवांत पाण्याची वाट देवळाच्या गाभाऱ्याप्रमाणें पाळली जाते, त्या गांवांत पाण्याचा हिशेब प्रत्येक घरास ठाऊक असतो.

हेंच पाणी शस्त्रही होतें. शेरशाहाकडून पराभूत होऊन भटकणारा हुमायून १५४२ मध्यें जैसलमेरच्या मुलखांतून जात असतां त्याच्या वाटेवरील विहिरी वाळूनें बुजविण्यांत आल्या, असें त्याच्या प्रवासाच्या वृत्तांतावरून समजतें. तोफ न डागतां सैन्य हतबल करण्याचा हा उपाय होता. पुढें त्यास अमरकोटास आश्रय मिळाला व तेथेंच त्याच वर्षीं अकबराचा जन्म झाला, हें सर्वश्रुत आहे. एका मरुनगरानें बादशहास पाणी नाकारलें, दुसऱ्यानें दिलें. मरुभूमींत पाण्याची किल्ली ज्याच्या हातीं तोच धनी, एवढा बोध या प्रसंगांतून निघतो.

दुसरें सदर वाटेचें. सात-आठ इंच पावसावर एवढें शहर पोसलें जाणें शक्य नव्हतें. सिंधमधून गुजरात व दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे या गांवावरून जात, तेथें मुक्काम करीत व जकात देत. परंपरा असें सांगते कीं, या किल्ल्यावर ‘अडीच साके’ झाले. म्हणजे दोनदां पूर्ण व एकदां अपुरा असा सर्वनाशाचा प्रसंग ओढवला. असें असूनही वस्ती पुनः पुनः भरली, कारण तांडा दुसऱ्या वाटेनें गेला नाहीं. व्यापाऱ्यास किल्ल्याच्या अभिमानाशीं कर्तव्य नसतें. वाट चालू आहे कीं नाहीं एवढेंच तो पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गुमानचंद पटवा या सावकाराच्या घराण्यानें पिवळ्या दगडांत कोरलेल्या ज्या पांच हवेल्या बांधविल्या, त्या या वाटेच्या मिळकतीचें शेवटचें मोठें स्मारक होत.

या वाटेवरून केवळ माल आला असें नाहीं, ग्रंथही आले. पंधराव्या शतकांत जिनभद्रसूरींच्या प्रयत्नानें किल्ल्यांतील जैन मंदिरांत जो ज्ञानभांडार उभा राहिला, त्यांत गुजरातेंत लिहिलेल्या अनेक ताडपत्री पोथ्या येऊन राहिल्या. कोरडी हवा आणि सैन्यांच्या हमरस्त्यापासून दूर असलेला खडक, या दोन गोष्टी पोथ्यांस मानवल्या. ग्रंथांच्या राखणदारांनीं मरुभूमीची निवड भीतीनें नव्हे, विचारानें केली होती. आणि तिचें फळ आपणांसही मिळालें आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत पूर्वीं प्राध्यापक असलेले डॉ. ब्यूलर हे १८७४ मध्यें जैसलमेरास गेले, तेव्हां त्यांस या भांडारांत बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’ची पोथी मिळाली व पुढील वर्षीं तें काव्य मुंबईस प्रसिद्ध झालें. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याचें हें चरित्र. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं आपल्या दक्षिणेच्या इतिहासांत त्याचा उपयोग केला आहे. दक्षिणच्या राजाची कथा दक्षिणेंत राहिली नाहीं. ती थरच्या वाळवंटांत सुखरूप राहिली. ओसाड म्हणून ज्या प्रदेशाची आपण कींव करतों, त्यानें आपलें धन सांभाळलें, हें विसरणें बरें नव्हे.

तिसरें सदर राज्याचें. आणि आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें. मारवाडांतील पाली येथून आलेल्या पालीवाल ब्राह्मणांनीं जैसलमेरच्या परिसरांत अनेक गांवें वसविलीं. परंपरा चौऱ्यांशीं गांवांची संख्या सांगते. खडकाळ उताराच्या पायथ्याशीं मातीचा लांब बांध घालून पावसाचें वाहतें पाणी अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि हिंवाळ्यांत त्याच ओलीवर गहूं-हरभरा पेरावयाचा, ही त्यांची ‘खडीन’ची पद्धत. सात इंचांच्या मुलखांत त्यांनीं गहूं पिकविला! असे लोक तहानेस भिऊन गांव सोडतील हें संभवत नाहीं. तरी कुलधरा व खाभा हीं त्यांचीं गांवें एकोणिसाव्या शतकांत ओस पडलीं. एका रात्रींत सर्व गांवें उठून गेलीं, दिवाण सालमसिंगाची एका मुलीवर पापी नजर पडली, जातांना पालीवालांनीं शाप दिला, अशा गोष्टी लोक सांगतात. विहिरींचें पाणी हळूहळू कमी होत गेलें असेंही अभ्यासकांचें एक मत आहे. परंतु कर्नल टॉडचा राजस्थानविषयक ग्रंथ पाहिला (त्याचा दुसरा खंड १८३२ मध्यें प्रसिद्ध झाला) तर सालमसिंगाच्या लुबाडणुकीनें हे उद्योगी लोक देशोधडीस लागल्याचें त्यांत आढळतें. १८१८ मध्यें जैसलमेरच्या राजानें कंपनी सरकाराशीं तह केला. त्या तहानें गादीस अभय मिळालें, रयतेस मात्र दिवाणापासून अभय मिळालें नाहीं. निसर्गाचा कर पालीवाल शतकानुशतकें देत आले होते, कारण तो कर ठराविक होता. दिवाणाच्या कराला मर्यादा नव्हती. पाणी होतें, शेत होतें, घरें दगडाचीं होतीं. तिसरें सदर कोरें पडलें आणि सर्व हिशेब बुडाला.

पुढें वाटेचें सदरही आटूं लागलें. मुंबई व कराची हीं बंदरें वाढलीं, आगगाड्या सुरू झाल्या, आणि उंटाचा तांडा मागें पडला. त्यांतच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत् १९५६ चा म्हणून तिकडे त्यास ‘छप्पनिया’ म्हणतात. १८९१ च्या शिरगणतींत जैसलमेर संस्थानची लोकसंख्या १ लक्ष १५ हजारांवर होती. १९०१ मध्यें ती ७३ हजारांवर आली. दहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसें मेलीं अथवा निघून गेलीं. निघून जाणें ही तिकडे नामुष्की समजली जात नसे. गुरें घेऊन सिंधकडे अथवा माळव्याकडे जावें व पाऊस पडला म्हणजे परतावें, हा त्यांचा जुना क्रम होता. व्यापारी मात्र गेला तो बहुधा परतला नाहीं. मारवाडच्या अंगानें निघालेले असे व्यापारी आपल्या खानदेश-वऱ्हाडांत व नगर-पुणें जिल्ह्यांत येऊन स्थायिक झाले. १८७५ मध्यें सुपें येथें सुरू झालेल्या दंग्यांत ज्यांच्या वह्या जाळल्या गेल्या त्यांत त्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या व्याजाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें निराधार नाहीं. पण पै-पैचा हिशेब ठेवण्याची ती संवय कोणत्या मातींत लागली, याचा विचार मात्र फारसा झालेला नाहीं. जेथें पावसाच्या थेंबाचीही वही ठेवावी लागे, तेथून ते आले होते.

१९४७ च्या फाळणीनें सिंधकडील वाट कायमची बंद झाली. आतां हें नगर निजधामास जाणार असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु १९४९ मध्यें तें राजस्थानांत सामील झालें. सीमेवरील ठाणें म्हणून सरकारास त्याची गरज भासली. पुढें रस्ते व आगगाडी आली. १९७४ मध्यें सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट निघाला, आणि बंगाली प्रवाशांची रीघ या सोनेरी किल्ल्याकडे लागली. तांड्याच्या जागीं प्रवासी आला. तुटलेली वाट दुसऱ्या रूपानें जोडली गेली. १९५८ मध्यें आरंभिलेल्या, पंजाबांतून पाणी आणणाऱ्या कालव्याचा प्रवाह १९८७ च्या आरंभीं जैसलमेर जिल्ह्यांत पोंचला. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ६५ हजारांवर गेली होती.

येथवर वाचून वाचक म्हणतील कीं, मग प्रश्न सुटला! परंतु त्रिकूटावरील किल्ल्याची हकीकत ऐकावी. आठशें वर्षें ज्या घरांत डोक्यावरून आणलेली घागर पुरवून वापरली जाई, तेथें नळ आले. पाहुण्यांसाठीं न्हाणीघरें वाढलीं. पण जुनीं गटारें तीं तशींच राहिलीं. वापरलेलें पाणी टेकडीच्या पोटांत झिरपूं लागलें. खडकाखालचे मातीचे थर भिजले, आणि तटाचे कांहीं भाग ढासळले. १९९६ मध्यें वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेनें जगांतील संकटग्रस्त वास्तूंच्या यादींत या किल्ल्याचें नांव घातलें. पुढें डागडुजी झाली, आणि २०१३ मध्यें युनेस्कोनें राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्यास जागतिक वारशाचा मान दिला. किल्ल्यांत अद्यापि माणसें राहतात. आणि त्यांनीं तेथें राहावें कीं खालीं उतरावें, हा वाद निघाला आहे. शत्रूच्या वेढ्यांस व दुष्काळांस जो किल्ला पुरून उरला, त्यास धोका झाला तो पाण्याच्या विपुलतेनें. कारण पाणी आलें, पण त्याचा हिशेब घराघरांतून गेला.

म्हणून मरुभूमींतील गांवांत राहावयास जावें कीं न जावें, असें कोणी विचारल्यास पावसाचा आंकडा पाहून उत्तर देणें आम्हांस अपुरें वाटतें. पाणी किती आहे यापेक्षां त्याची वही कोण ठेवतो. वाट आज कोठें जाते आणि ती बंद पडल्यास दुसरी कोणती. आणि तेथील सत्ता मर्यादा ओळखते कीं सालमसिंगाप्रमाणें मर्यादा ओलांडते, हे तीन प्रश्न विचारून मग जावें. उत्तरें समाधानकारक असतील तर खुशाल जावें. सात इंचांवर गहूं पिकतो, पोथ्या टिकतात, नगरें उभीं राहतात. नसतील तर नदीकांठचें सुपीक गांवही कुलधऱ्याच्याच वाटेनें जातें, आणि त्यास मरुभूमीचीच आवश्यकता असते असें नाहीं.