डोक्याला जबर मार लागल्यावर माणूस कसा सावरतो? आयसीयूनंतरचे महिने कसे असतात?

बाइक घसरते, जिन्यावरून पाय सटकतो, बांधकामावर वरून काहीतरी डोक्यात पडतं. क्षणात घडलेल्या गोष्टीमुळे घरातलं माणूस आयसीयूत पोहोचतं आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "शुद्धीवर कधी येणार?" पण शुद्धीवर आल्यानंतर पुढे काय, हे सहसा कुणी नीट सांगत नाही. आणि खरी कसोटी तिथूनच सुरू होते.

मार लागतो तेव्हा आत काय होतं?

कवटी म्हणजे एक बंद पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी अगदी मापात बसलेलं असतं. जोराचा दणका बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. काही ठिकाणी तो ठेचला जातो, रक्तवाहिन्या फुटतात आणि मेंदूच्या पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात किंवा तुटतात. ही झाली पहिली इजा. ती घडून गेलेली असते.

दुसरी इजा पुढच्या काही तासांत आणि दिवसांत होते. रक्त साकळतं, मेंदूला सूज येते. पेटी बंद असल्यामुळे आतला दाब वाढतो आणि मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडायला लागतो. ही दुसरी इजा रोखणं हेच आयसीयूतल्या उपचारांचं मुख्य काम.

म्हणूनच "वरून काहीच जखम नाही, चांगला बोलतोय" यावर विसंबू नका. कवटीच्या आत रक्त साकळत असताना काही जण आधी व्यवस्थित बोलतात आणि काही तासांनी अचानक बेशुद्ध होतात.

डॉक्टर सांगतात तो 'स्कोअर' म्हणजे काय?

आयसीयूत "जीसीएस किती आहे?" हे वाक्य वारंवार कानावर पडतं. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही पद्धत मांडली. रुग्ण डोळे उघडतो का, याला 4 पैकी, बोलतो का, याला 5 पैकी आणि हातपाय कसे हलवतो, याला 6 पैकी गुण दिले जातात. एकूण गुण कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा, 9 ते 12 मध्यम आणि 8 किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर.

पण पहिल्या दिवशीचा आकडा हा भविष्याचा निकाल नसतो. तो वाढतोय की घसरतोय, सीटी स्कॅनमध्ये काय दिसतंय आणि रुग्णाचं वय किती, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

कवटीचा तुकडा का काढतात?

सूज खूप वाढली तर दाब कमी करण्यासाठी कवटीचा एक भाग काढून ठेवतात. तो पोटाच्या त्वचेखाली किंवा डीप फ्रीझरमध्ये जपून ठेवला जातो. सूज पूर्ण उतरल्यावर दुसरं ऑपरेशन करून तोच तुकडा बसवतात किंवा त्याजागी टायटॅनियमची प्लेट लावतात. तोपर्यंत डोक्याच्या त्या बाजूला खड्डा दिसतो. बघून धस्स होतं, पण तो उपचाराचाच भाग असतो. मात्र तिथे हाडाचं संरक्षण नसल्यामुळे त्या बाजूला धक्का लागणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

शुद्धीवर येणं सिनेमासारखं नसतं

सिनेमात पेशंट डोळे उघडतो आणि थेट "आई" म्हणतो. प्रत्यक्षात आधी फक्त डोळे उघडतात, नजर मात्र कुठेच ठरत नाही. मग कधीतरी तो सांगितल्यावर बोट हलवतो. त्यानंतर अनेकदा गोंधळाचा काळ येतो. माणूस नळ्या ओढतो, ओरडतो, कधी शिव्या देतो, जवळच्यांनाही ओळखत नाही. कालची भेट आज आठवत नाही. घरचे हादरतात, पण हा सावरण्यातला नेहमीचा टप्पा आहे. त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे, छोट्या वाक्यांत "तू हॉस्पिटलमध्ये आहेस, अपघात झाला होता" इतकंच पुन्हा पुन्हा सांगा. खोलीत गर्दी नको, मोबाइलचा आवाजही नको.

पूर्ण बरं होता येतं का?

काही जणांना येतं, काही जणांमध्ये थोडीफार कमतरता राहते, तर काहींना कायम आधार लागतो. याबाबत क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. मार्च 1962 मध्ये भारताचे कर्णधार असताना बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला फ्रॅक्चर झालं, तातडीनं ऑपरेशन करावं लागलं आणि ते सहा दिवस बेशुद्ध होते. त्यांना रक्त देणाऱ्यांमध्ये वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. पुढे कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात धातूची प्लेट बसवण्यात आली. ते पुन्हा मैदानात उतरले, अनेक वर्षं प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, पण कसोटी सामना पुन्हा कधीच खेळले नाहीत. ती प्लेट तब्बल 60 वर्षांनी, 2022 मध्ये, मुंबईत काढण्यात आली.

किती दिवस लागतात?

गंभीर इजेनंतर सगळ्यात वेगानं सुधारणा साधारण पहिल्या 6 महिन्यांत दिसते. नंतर वेग मंदावतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही फरक पडत राहतो. मेंदूचा शाबूत भाग सरावानं नवी कामं शिकतो, म्हणून फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि रोजची कामं पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी मध्येच सोडू नये. सुरुवातीला काही जणांना पाणी गिळणंही नव्यानं शिकावं लागतं.

न दिसणारे बदल जास्त जड जातात. चालायला लागलेला माणूस "बरा झाला" असं सगळे धरून चालतात. पण तो लवकर थकतो, विसरतो, छोट्या गोष्टीवरून भडकतो, नाहीतर दिवसभर गप्प बसून राहतो. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की राग आवरणं आणि कामाला आपणहून हात घालणं कठीण होतं. याला आळस किंवा माज म्हणू नका, हा इजेचाच परिणाम आहे. नैराश्यही येतं आणि त्यावर उपचार आहेत.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

- अपघातानंतर बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. मान न हलवता 108 वर फोन करा.
- फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.
- अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.
- दारू पूर्ण बंद. गाडी चालवणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.
- दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. मोबाइलमधला अलार्म ही विसरभोळ्या मेंदूची काठी आहे.
- वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, जास्त गुंगी, फिट किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. वयस्कर माणसांमध्ये ही लक्षणं साध्या पडण्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

खर्च आणि कायदा

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना मे 2025 मध्ये लागू झाली. त्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे पोलिसांची कागदपत्रं, बिलं आणि स्कॅनचे रिपोर्ट जपून ठेवा. आणि जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार संरक्षण आहे. पोलिसांची झंझट नको म्हणून बघत उभं राहायची गरज नाही.

शेवटी, सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. ही जबाबदारी बहुतेकदा घरातल्या एकाच बाईवर येऊन पडते, आई किंवा बायकोवर. "काही लागलं तर सांगा" असं म्हणण्यापेक्षा आठवड्यातली एक दुपार तुम्ही रुग्णाजवळ बसा आणि तिला झोपू द्या.