पत कोणाची, घर कोणाचे?



गावातल्या सोसायटीत कर्ज मागायला गेलं की सचिव दोन प्रश्न विचारतो. पहिला, सातबारा कुणाच्या नावावर आहे? आणि दुसरा, जामीन कोण? या दोन प्रश्नांत कर्जाचे सगळे शास्त्र आले. पहिला प्रश्न मालकीचा, दुसरा विश्वासाचा. त्या विश्वासालाच आपण ‘पत’ म्हणतो. आता मराठीची एक गंमत पाहा. ‘पत’ आणि ‘पती’ या दोन शब्दांची षष्ठी चालवून बघा. दोन्हींचे रूप एकच, ‘पतीची’! भाषेत हा योगायोग आहे. पण अमेरिकेत एक काळ असा होता, की तिथल्या कायद्यानेच या दोन गोष्टी एक करून टाकल्या होत्या. पतीची जी पत, तीच पत्नीची. नवरा परदेशी म्हणून कमी प्रतीचा ठरला, की बायकोही तशीच ठरायची, मग ती त्याच मातीत का जन्मलेली असेना!

आज आपल्याकडची कितीतरी मुलेमुली अमेरिकेत संसार थाटतात. तिथे घर घ्यायचे तर कर्ज काढावे लागते, आणि दोघांपैकी एकजण नुकता परदेशातून आलेला असला, तर बँक कपाळाला आठ्या घालते. ही अडचण आजची वाटते, पण तिच्या मुळाशी शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. तो आज तुम्हांला सांगायचा आहे.

अमेरिकेत १९०७ साली एक कायदा झाला. अमेरिकन स्त्रीने परदेशी माणसाशी लग्न केले, की तिचे नागरिकत्व जाऊन तिला नवऱ्याचे नागरिकत्व मिळे. कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेन्झी या बाईने ब्रिटिश माणसाशी लग्न केले होते. ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले, ‘बाई, तुम्ही आता अमेरिकन नाही.’ ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९१५ साली हरली. पुढे १९२२ मध्ये ‘केबल कायदा’ झाला आणि बहुतेक स्त्रियांचे नागरिकत्व वाचले. पण त्यात एक मेख होती. नवरा नागरिकत्व मिळण्यास ‘अपात्र’ अशा वंशाचा असेल, तर बायकोचे नागरिकत्व पूर्वीसारखेच जाणार.

अपात्र म्हणजे कोण? १७९० सालापासून परदेशी माणसांपैकी फक्त ‘गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येत असे. १८७० नंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग हिंदी माणूस कुठे बसतो? हा प्रश्न भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाने न्यायालयात नेला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्यात होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा नाही. सबब तो नागरिक होऊ शकत नाही. एवढ्यावर न थांबता, ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

कागदावरच्या एका शब्दाने घर कसे बसते, ते पाहा. पेशावरचे वैष्णोदास बगई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलगे यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोला आले. गाठीशी पुंजी होती. त्यांनी दुकान थाटले. बर्कली गावात घर घेतले. पण राहायला जाण्याच्या दिवशी शेजाऱ्यांनीच त्या घराला कुलपे लावून ठेवली होती! तरीही माणूस खचला नाही. १९२१ मध्ये ते अमेरिकन नागरिक झाले. थिंडच्या निकालानंतर ते नागरिकत्व गेले, आणि त्यापाठोपाठ मालमत्तेचा हक्कही डळमळला. दुकान विकावे लागले. १९२८ साली वैष्णोदासांनी आत्महत्या केली. पैसा होता, सचोटी होती, कष्ट होते. पण कायद्याच्या लेखी त्या माणसाची पत शून्य झाली होती. कलाबाईंनी मात्र धीर सोडला नाही. तिन्ही मुलांना त्यांनी शिकवले. ज्या बर्कलीत त्यांच्या घराला कुलूप लागले होते, त्याच बर्कलीतल्या एका रस्त्याला आज कला बगई यांचे नाव आहे.

अशा वेळी कायद्याशी कायद्यानेच झुंजणारा एक वकील होता. त्याचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते ना? जन्म मात्र अहमदाबादचा. थिंडची बाजू त्यांनीच मांडली होती आणि ते हरले होते. मग सरकारने खुद्द पंडितांवरच दावा लावला. पंडित १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. त्यांनी न्यायालयाला विचारले, ‘तुमच्याच न्यायालयाने मला नागरिकत्व दिले. त्या भरवशावर मी वकील झालो, लग्न केले, घर केले. आज ते काढून घेतलेत, तर माझी सनद जाईल, माझ्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्व जाईल आणि तिची जमीनही जाईल. तिचा गुन्हा कोणता?’ हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. १९२६ साली अपिलातही पंडित जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचना ऐकून घ्यायचेही नाकारले, आणि असले उरलेले दावे सरकारने सोडून दिले. एका संसाराची बाजू नीट मांडली गेली आणि इतरांचे संसार वाचले.

आता शहरातून शेतावर येऊ. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला इम्पीरियल खोरे आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून वाळवंटात उभी केलेली ही शेती. तिथे पंजाबी शेतकरी कापूस, खरबुजे आणि भाजीपाला पिकवीत. १९१७ च्या कायद्यामुळे त्यांना हिंदुस्थानातून बायका आणता येईनात, तेव्हा अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. दुसरीकडे १९१३ आणि १९२० च्या जमीन कायद्यांनी ‘अपात्र’ परदेशी माणसाला शेतजमीन विकत घ्यायला, आणि पुढे खंडाने करायलाही बंदी घातली. पुष्कळ लोक म्हणत, ‘जमीन बायकोच्या नावावर करता यावी म्हणून यांनी लग्ने केली.’ पण कायदा वाचला की हे खोटे ठरते. एक तर त्यांतल्या कित्येक बायका स्वतःच मेक्सिकोतून आलेल्या. आणि जी अमेरिकन होती, ती अशा माणसाशी लग्न करताच नागरिकत्व गमावून बसे. ही मेख निघाली ती १९३१ मध्ये.

मग शेती चालली कशी? ती चालली शब्दावर. गोरा जमीनमालक, ओळखीचा वकील, पीक पाहून उचल देणारा बँकवाला यांच्याशी तोंडी करार व्हायचे. कागदावर एकाचे नाव आणि नांगरावर हात दुसऱ्याचा. पुढे मुलांचा आधार मिळाला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल राज्यघटनेनेच नागरिक असते. तेव्हा जमीन मुलाच्या नावावर आणि बाप त्याचा पालक. आपल्या सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ असे लिहितात ना, तसाच प्रकार! पाळण्यातले मूल मालक, आणि घाम गाळणारा बाप कागदोपत्री नुसता राखणदार.

२ जुलै १९४६ रोजी हिंदी लोकांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, आणि १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जमीन कायदा रद्द ठरवला. याच इम्पीरियल खोऱ्यात शेती केलेले दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले, आणि १९५६ च्या निवडणुकीत चक्क अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.

जमिनीचा अडसर गेला, पण घरकर्जाचा उरलाच. पूर्वी तिकडचे घरकर्ज बहुधा चार-पाच वर्षांचे असे, आणि निम्मी किंमत आधी भरावी लागे. १९३४ साली सरकारने कर्जाला विमा दिला. त्यामुळे वीस टक्के भरून उरलेली रक्कम वीस वर्षे हप्त्याने फेडता येऊ लागली. सोय मोठी, पण तीही वंश पाहून! काळ्या आणि परक्या वस्त्यांना हे दार बंदच होते. घर विकताना व भाड्याने देताना असा भेद करण्यास १९६८ च्या कायद्याने मनाई केली. आणि स्त्रिया? नोकरी करणाऱ्या बायकोचा पगार पुष्कळ ठिकाणी निम्माच धरत. काही ठिकाणी तर ‘हिला मूल होणार नाही’ असा डॉक्टरचा दाखला मागत. १९७४ मध्ये समान पत कायदा झाला. स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून कर्ज नाकारणे बेकायदा ठरले. १९७६ मध्ये त्यात वंश आणि मूळ देश यांचीही भर पडली.

मग आजची अडचण कोणती? आज तिथे पत आकड्यात मोजतात. ३०० पासून ८५० पर्यंत. कर्ज आणि हप्ते यांची नोंद तीन खासगी कंपन्या ठेवतात, आणि त्या नोंदीवरून हा आकडा निघतो. किमान सहा महिने जुने खाते नसेल तर सहसा आकडाच निघत नाही. एखाद्या सूनबाईने पुण्यात दहा वर्षे नोकरी केली, बँकेचा एकही हप्ता चुकवला नाही. पण तिकडच्या चोपडीत तिचे पान कोरेच! त्यातून नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या बहुतेक पत्नींना २०१५ पर्यंत स्वतः नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्या वर्षापासून काहीजणींना मिळाली.

यातून वाट आहे. कर्ज एकाच्या नावावर काढता येते. मात्र मग दुसऱ्याचा पगार हिशेबात धरला जात नाही. दोघांच्या नावावर काढले, तर सामान्यतः ज्याचा आकडा कमी त्याच्यावरून व्याज ठरते. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, बरं का. कर्ज एकाच्या नावावर असले, तरी घराच्या खरेदीखतावर दोघांची नावे घालता येतात. कर्जाचा कागद वेगळा, मालकीचा कागद वेगळा. ज्याच्यापाशी आकडा नाही, त्याने बारा महिने वेळेवर भरलेल्या भाड्याच्या आणि विजेच्या पावत्या दाखवल्या, तर काही कर्जांत त्या चालतात. पण दार पुरते उघडे आहे असेही समजू नका. १९३४ चा जो सरकारी विमा सांगितला, तो कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या परदेशी माणसाला मे २०२५ पासून मिळेनासा झाला आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची एखादी विद्यार्थिनी लग्न होऊन परदेशी निघाली, तर तिला आशीर्वादाबरोबर दोन गोष्टी सांगा. गेल्यागेल्या स्वतःच्या नावाचे खाते उघड, प्रत्येक पावती जपून ठेव. आणि घराच्या कागदावर आपले नाव आहे की नाही, ते स्वतः वाचून पाहा. कला बगई आणि पंडितांच्या पत्नी यांच्या काळात त्यांची पत नवऱ्याच्या वंशावरून ठरत होती. आज ती स्वतःच्या पावत्यांवरून ठरू शकते. हा फरक पडायला कित्येक दशके लागली, आणि त्यासाठी काही घरांनी फार मोठी किंमत मोजली. तेव्हा ती पावती कचऱ्यात टाकू नका.