पिझारोची वाटणी

कामगार चळवळीत आमची निम्मी हयात वाटणीची भांडणे सोडविण्यात गेली. म्हणून फ्रान्सिस्को पिझारोच्या चरित्रात आम्ही तलवारीआधी हिशेब पाहतो.

स्पेनमधील त्रुहियोचा हा अनौरस मुलगा निरक्षर होता. शाळा आम्हांलाही फारशी लाभली नाही. त्याबद्दल आम्ही त्याला हसणार नाही. १५३२ च्या नोव्हेंबरात कहामार्का येथे अवघ्या १६८ माणसांनिशी त्याने इंका राजा अताहुआल्पा याला दग्याने पकडले. सुटकेसाठी राजाने खोलीभर सोने कबूल केले. कुझ्कोच्या सूर्यमंदिराचे पत्रेदेखील उचकटून आले. तरी १५३३ मध्ये त्याचा गळा आवळण्यात आला.

सोने वितळवून वाटले गेले. स्वाराला पायदळाच्या सुमारे दुप्पट, पिझारोला कित्येक पट. ज्यांनी ते खणले, घडविले, त्यांचे नाव यादीत नव्हतेच! भागीदार अल्माग्रो मागाहून पोचला. त्याच्या माणसांच्या पदरी किरकोळ पडले. हे वैर कुझ्कोच्या मालकीवरून पेटले आणि १५३८ मध्ये पिझारोच्या भावाने अल्माग्रोला मारविले. २६ जून १५४१ रोजी लिमात, आपणच वसविलेल्या शहरात, राहत्या घरी पिझारो अल्माग्रोच्या माणसांच्या हातून मेला.

वाटणी चुकली म्हणून हे घडले, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, लुटीची न्याय्य वाटणी होतच नसते.